परीक्षेनंतर गोव्यात काकांकडे दहा दिवस पडीक राहायची रीतसर पद्धत

आधीच सांगते, हा लेख बागा-कळंगुटवाल्यांसाठी नाही. ज्यांच्या बाबांचा किंवा आईचा एखादा जुना जिगरी दोस्त गोव्यात राहतो, जो दर वर्षी फोनवर "पोरीला पाठव की सुट्टीत" म्हणतो आणि आपण दर वर्षी "हो हो काका" म्हणून सोडून देतो, त्यांच्यासाठी आहे. मी तिसऱ्या सेमिस्टरनंतर पहिल्यांदा गेले आणि आता चार वेळा जाऊन आलेय. काका म्हणजे बाबांचे हॉस्टेलचे रूम पार्टनर, घर फोंडा तालुक्यात, म्हार्दोळच्या बाजूला, समोर अंगण मागे कुळागर, म्हणजे पोफळी नारळ मिरी केळी सगळं एकत्र वाढलेली सावलीची बाग. पहिल्या ट्रिपला मी जवळजवळ सगळंच चुकवलं, त्यामुळे खालचं बरंचसं ज्ञान तिथून आलंय.

पायरी १. तारखा, आणि फोन कोणी करायचा

फोन तुम्ही करायचा. आईने नाही. आई-काकू बोलल्या की "राहू दे कितीही दिवस" वर विषय संपतो आणि नेमकं कधी येणार कधी जाणार ते कुणालाच माहीत नसतं. तुम्ही स्वतः काकूंना फोन करून दोन्ही तारखा सांगा, येण्याची आणि जाण्याची, आणि विचारा की त्या दिवसांत घरात काही आहे का, लग्न, मुंज, देवळात काही, कुणी दुसरं यायचंय का. पहिल्या वर्षी मी न विचारता गेले तेव्हा घरात रंगकाम चालू होतं आणि काकू बिचाऱ्या एक शब्द बोलल्या नाहीत, माझी गादी हॉलमधून या खोलीत त्या खोलीत फिरत राहिली.

किती दिवस? माझ्या मते आठ ते दहा. पाच दिवसांत थकवाच उतरत नाही आणि पंधरा दिवसांनी काकू तुमच्यासाठी वेगळी भाजी करायच्या थांबतात, जे खरं तर चांगलं लक्षण आहे पण तोवर कॉलेज सुरू होतं.

महिना म्हणाल तर मे. हो, घाम येतो, तापमान तेहेतीस-चौतीसच असतं पण हवा ओली असते त्यामुळे पुण्याच्या चाळीसपेक्षा जास्त चिकचिक होते. तरी मेच, कारण मानकुराद आंबा. हंगामाच्या सुरुवातीला याचा डझनाचा भाव हजारांत असतो आणि मेच्या मध्यापासून माणसात येतो. (पोर्तुगीज लोकांनी याला मालकोरादा म्हणजे रंग धड न आलेला म्हटलं, त्याचं मानकुराद झालं. रंगावरून आंब्याला नाव ठेवणाऱ्यांची कीव करा आणि खा.) दुसरं कारण मासे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, ६१ दिवस, मग नदीतलं आणि तळ्यातलं काय येईल ते महाग येतं. तिसरं म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागतो. पावसातला गोवा सुंदरच असतो पण तुमचे कपडे वाळत नाहीत आणि दुसऱ्याच्या घरात ओले कपडे घेऊन फिरण्यासारखं लाजिरवाणं काही नाही.

पायरी २. तिकीट

रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, १ नोव्हेंबर २०२४ पासून, आधी १२० होते. युनिव्हर्सिटीचं टाइमटेबल काही ६० दिवस आधी येत नाही, त्यामुळे अंदाजाने काढायचं आणि पेपर पुढे गेला तर कॅन्सल करायचं, पोटात गोळा येतो पण इलाज नाही. पुणे, सांगली, मिरजकडच्यांना गोवा एक्सप्रेस आहे, लोंढा-कुळेवरून मडगावला उतरवते. मुंबई-ठाण्याहून कोकण रेल्वे, आणि इथे एक टिप, फोंड्याच्या बाजूला जायचं असेल तर डोळे झाकून मडगावचं तिकीट काढू नका, गाडी करमळीला थांबते का बघा. करमळी जुन्या गोव्याच्या अगदी जवळ आहे आणि पणजी-फोंडा बस जुने गोवे, बाणस्तारी, मंगेशी, म्हार्दोळ, फर्मागुडी अशीच जाते. मडगावला उतरलात तर स्टेशन ते कदंबचा (म्हणजे गोव्याच्या एसटीचा) बसस्टँड थोडं अंतर आहे, एकटे असाल तर पायलट घ्या. पायलट म्हणजे पिवळी-काळी मोटरसायकल टॅक्सी, मागे बसायचं, भाडं आधी विचारायचं.

खाजगी स्लीपर बसचं काय, तर मी एकदा गेले, एसी बंद पडला, रात्रभर कोणीतरी मोठ्याने रील्स बघत होतं. बाकी तुम्ही ठरवा.

आणि काकांना "स्टेशनवर घ्यायला या" म्हणू नका. ते येणारच, पण तुम्ही म्हणू नका.

पायरी ३. बॅग

कॉटन. पुन्हा सांगते कॉटन. जीन्स एकच, ती पण प्रवासात घालायची. घरात घालायला धड दिसणारे कपडे घ्या कारण हॉस्टेलवरचा भोक पडलेला टीशर्ट आजीसमोर चालत नाही, त्या काही बोलणार नाहीत पण सुई-दोरा आणून देतील. देवळांसाठी एक पूर्ण बाह्यांचा ड्रेस, मुलांनी फुल पँट, मंगेशीला तोकड्या कपड्यांत आत सोडत नाहीत. टॉवेल आपला न्या. डासांचं ट्यूब, कुळागर आहे म्हणजे डास आहेतच. टॉर्च, कारण मेच्या शेवटी एक वीज कडाडली की लाइट गेलीच.

भेटवस्तूसाठी डोकं खाऊ नका, खायचं न्या आणि तिथे न मिळणारं न्या. काजू नेऊ नका, हसू नका, माझ्या एका मैत्रिणीने पुण्यातून काजू कतली नेली होती गोव्याला. आमच्याकडून सांगलीच्या हळदीची एक मोठी पिशवी, बेदाणे, आणि बाबांकडून काकांसाठी भडंग. भडंगाचं पुडकं काका कपाटात लपवतात.

पायरी ४. पहिले दोन दिवस फक्त झोपायचं, पण घराच्या टायमिंगने

लोक इथेच चुकतात. आल्या आल्या "चला बीच" करतात. तुम्ही महिनाभर सबमिशन, व्हायवा, रात्रीची मॅगी यातून आलाय, शरीराला कळूच द्या की संपलं. फक्त एक करा, घराचं घड्याळ समजून घ्या आणि त्यात झोपा.

म्हार्दोळचं घड्याळ साधारण असं. सकाळी लवकर पोदेर येतो, सायकलला टोपली आणि पों-पों हॉर्न. पोदेर म्हणजे पाववाला. पहिल्या दिवशी काकू म्हणाल्या "पोळी घेतलीय, खा", मी आपली चपातीची वाट बघत बसले, तर पोळी म्हणजे कोंडा लावलेला गव्हाचा फुगीर पाव, आतून पोकळ. त्याच्याबरोबर पातळ भाजी किंवा आदल्या दिवशीची कडी. शिवाय उंडो असतो वरून कडक, कातरो असतो, कांकणं असतात बांगडीसारखी कुरकुरीत, ती चहात बुडवायची. हॉर्न ऐकून तुम्ही उठून बाहेर गेलात आणि पाव घेऊन आलात तर अर्धं घर तुमचं झालं समजा. संध्याकाळी पुन्हा येतो, सकाळी झोप लागली तर तेव्हा भरून काढा.

दहा-अकराला पेज. उकड्या तांदळाची, वर मीठ, बाजूला लोणचं किंवा मिठातलं तोर म्हणजे छोटी कैरी. मी आधी नाक मुरडलं होतं, आजारी माणसाचं खाणं म्हणून. आता पुण्यात हॉस्टेलला अकरा वाजले की मला तीच आठवते. मग दुपारी शीत, कडी, नुस्तं, म्हणजे भात, माशाचं हुमण आणि एखादा तळलेला तुकडा. त्यानंतर साधारण एक ते चार अख्खं गाव झोपतं. दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रं पण नाही. या वेळात कुणाला फोन करू नका, मिक्सर लावू नका, "मी जरा फोंड्याला जाऊन येते" म्हणू नका. "न्हिद गो बाय," आजी म्हणतात, म्हणजे झोप. झोपा. सुशेगाद हा शब्द टीशर्टवर छापून विकतात पण तो पोर्तुगीज सोसेगादो म्हणजे शांत-निवांत यावरून आलाय आणि त्याचा खरा अर्थ दुपारी दोन वाजता पोफळीखालच्या खोलीत पंख्याच्या आवाजात कळतो.

सोमवारी मासे नाहीत. शिवराक, म्हणजे शाकाहारी. मंगेश म्हणजे शंकर, सोमवारी मंगेशीला पालखी निघते, आणि आमच्या काकूंकडे सोमवारी अंड्याचं नावही काढायचं नाही. मी पहिल्या सोमवारी उत्साहात विचारलं, आज कुठला मासा? सगळे माझ्याकडे बघत राहिले.

पायरी ५. कामाचं काय

हा भाग नीट वाचा, सगळं इथे आहे. दुसऱ्याच्या घरी आराम तेव्हाच होतो जेव्हा तुमच्या आरामाचा त्रास दुसऱ्याला होत नाही हे तुम्हाला माहीत असतं. नाहीतर पडल्या पडल्या काकूंच्या भांड्यांचा आवाज ऐकून गिल्ट येत राहतो आणि झोप लागत नाही. त्यामुळे पहिल्याच दिवशी एक काम स्वतःच्या नावावर करून टाका. एकच, पण रोज. "काकू काही मदत करू का" असं विचारू नका, उत्तर "नको गं बस तू" हेच येणार. न विचारता करा. मी रात्रीची जेवणानंतरची ओटा-पुसणी घेतली आणि सकाळचा पाव. नारळ खवायच्या फंदात पडू नका, आदोळीवर बसून खवणं हे कौशल्याचं काम आहे, माझं बोट अजून साक्ष देतं. लसूण सोला, कोथिंबीर निवडा, वाळत घातलेलं उचला.

मेमध्ये मात्र एक काम असं आहे की त्यात कोणीही चालतं, आमसुलं. रातांबे लालभडक पिकलेले असतात, ते फोडायचे, आतला गर आणि बिया एका भांड्यात, सालं सुपात. गरात मीठ घालून ठेवायचं, त्याचा रस सुटतो. सालं उन्हात वाळवायची, संध्याकाळी त्या खारट रसात बुडवायची, सकाळी पुन्हा उन्हात. असं पाच-सहा दिवस, सालं काळपट आणि चिवट होईपर्यंत. उरलेला खारवलेला रस म्हणजे आगळ, वर्षभराच्या सोलकडीची सोय. बोटं आठवडाभर लाल राहतात. अंगणात आजी, काकू, ताई आणि मी बसलोय, कोणी बोलतंय कोणी नाही, मध्येच ढग आला की सगळ्यांनी सुपं उचलून पडवीत पळायचं. चार वर्षांत गोव्यात काय केलंस विचाराल तर मी हेच सांगते आणि लोकांना वाटतं मी टाइमपास करतेय.

हे सगळं पुरुमेंताचं असतं, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. त्यासाठी काकूंबरोबर एक दिवस म्हापशाला जा, शुक्रवारच्या बाजाराला. सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, खारे बांगडे, कांद्याच्या माळा, हरमलची मिरची, खोल्याची मिरची, गूळ, कडधान्यं. पिशव्या तुम्ही उचला. भाव करताना मध्ये बोलू नका.

फणस कापत असतील तर हाताला तेल लावल्याशिवाय हात लावू नका. कापा आणि रसाळ यातलं कापा चांगलं की रसाळ यावर मत देऊ नका, घरात दोन पार्ट्या आहेत.

पायरी ६. पैसे

"काका मी इतके दिवस राहतेय तर..." असं वाक्य तोंडातून काढायचं नाही, त्यांना लागतं. पण फुकटही राहायचं नाही. उपाय असा की बाहेर गेलात की बस, रसऑम्लेट, आइस्क्रीम, छोटं छोटं तुम्ही द्यायचं, पाकीट आधी काढायचं. आणि मुक्कामात एकदा मासे तुम्ही आणायचे. इथे माझी फजिती ऐका. मी फोंड्याच्या बाजारात एकटी गेले, मराठी ऐकून मावशींनी ओळखलंच, बांगड्यांचा एक वांटो म्हणजे वाटा, स्वस्तात दिला, मी विजयी मुद्रेने घरी. आजींनी एक कल्ला उचलून बघितला आणि काही न बोलता मांजरीला हाक मारली. तेव्हापासून नियम, कल्ले आतून लाल हवेत, तपकिरी नको, डोळे फुगीर आणि स्वच्छ, बोट दाबलं तर खड्डा राहता कामा नये, आणि काकांना बरोबर न्या.

पायरी ७. बाहेर कधी आणि कुठे

एक दिवस बाहेर, एक दिवस घरी. सलग दोन दिवस भटकलात की तिसऱ्या दिवशी सुट्टीचं प्रोजेक्ट होतं. मी प्रत्येक वेळी करते अशा तीनच गोष्टी सांगते.

दिवाडी. म्हार्दोळहून बसने जुने गोवे, बॉम जेझू आणि से कॅथेड्रल बघून (युनेस्कोच्या यादीत १९८६ पासून आहेत) व्हाइसरॉयच्या कमानीखालून खाली चालत गेलं की फेरीचा धक्का. फेरीबोटीत चालत चढणाऱ्याला तिकीट नाही. पाच-सात मिनिटांत पलीकडे, शेतं, जुनी घरं, पियेदादच्या चर्चच्या टेकडीवरून मांडवी दिसते. तिथे करायचं काहीच नाही, म्हणून जायचं. दुपारच्या आत परत या नाहीतर ऊन मारतं.

पणजी, पण लायब्ररीसाठी. कदंब बसस्टँडच्या जवळ पाट्टोवर कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी आहे, स्थापना १८३२ ची. अभ्यासाचं नाव नाही काढायचं, मराठी पुस्तकं काढून बसायचं. ऊन उतरलं की फोंताइन्हासच्या गल्ल्या, चालत. तिथली घरं रंगीत आहेत पण त्यात माणसं राहतात, कुणाच्या पायरीवर बसून पोज देऊ नका.

तांबडी सुर्ला, घरच्या गाडीने सगळ्यांबरोबर. कदंब राजांच्या काळातलं, साधारण बाराव्या-तेराव्या शतकातलं महादेवाचं काळ्या दगडाचं देऊळ, जंगलात, बाजूला ओढा. बस जवळपास नाहीच, त्यामुळे काकांना रविवारी मस्का लावा. दूधसागर मे मध्ये नको, पाणी कमी असतं, आणि रेल्वे लाइनवरून चालत जायचं तर कधीच नको, मनाई आहे आणि धोकाही.

समुद्र? हो, एक संध्याकाळ, घरच्यांबरोबर. मेच्या शेवटाला समुद्र खवळायला लागतो. लाल झेंडा असेल तिथे पाण्यात उतरायचं नाही, दृष्टी कंपनीचे जीवरक्षक शिट्टी मारतात ती तुमच्यासाठीच असते, आणि जूननंतर तर पाय भिजवण्यापलीकडे नाहीच.

बसचं एक, गावाकडच्या बस रात्री आठनंतर विरळ होतात, शेवटची कितीची ते जातानाच कंडक्टरला विचारा. तो तुम्हाला "फाटीं वच, फाटीं वच" करून मागे ढकलेल, मनावर घेऊ नका. काकांची स्कूटर मिळाली तर लायसन्स, हेल्मेट, कागदपत्रं, आणि पेट्रोल भरून परत द्यायची. पणजीहून मांडवीपलीकडे जायचं असेल तर अटल सेतूवर दुचाकी चालत नाही, जुन्या पुलावरून जायचं.

आणि परतायची वेळ सांगून जायचं, उशीर होणार असेल तर मेसेज. काकू तुमच्या आईला जबाबदार आहेत, ते ओझं त्यांना सतत जाणवतं पण त्या दाखवत नाहीत. अठरा वर्षं पूर्ण म्हणजे गोव्यात दारू कायद्याने चालते हे मला माहितीय, तुम्हालाही माहितीय. काका संध्याकाळी हुर्राक, म्हणजे काजूची हलकी दारू, घेऊन बसतात लिम्का घालून. विचारलं तर तुमचं काय ते ठरवा, पण मित्रांबरोबर बाहेर पिऊन या घराच्या अंगणात यायचं नाही. बस.

पायरी ८. एकटं राहायचं असेल तर

चौथ्या-पाचव्या दिवशी येतंच असं. सगळे प्रेमाने विचारतात, प्लेसमेंटचं काय, पुढे काय, जेवलीस का, अजून घे. कंटाळा त्यांचा येत नाही, बोलण्याचा येतो. तोंड पाडून खोलीत बसलात तर घरभर चर्चा होते की हिला काही लागलं का. त्यापेक्षा सरळ सांगा, "काकू, मी तासभर कुळागरात बसते." हातात पुस्तक ठेवा, पुस्तक असलं की कोणी त्रास देत नाही, वाचलं नाही तरी चालतं. प्लेसमेंटला माझं ठरलेलं उत्तर आहे, "काका, आंबे संपले की बघू." त्यांचं घर, आजी, अंगण यांचे फोटो स्टेटसला टाकायच्या आधी ताईला विचारा.

पायरी ९. निघताना

निघायच्या आदल्या दिवशी चादर-उशीची खोळ धुवून वाळत घाला, शेवटच्या दिवशी नाही, वाळत नाही. आजीच्या पाया पडा. बॅगेत एक तृतीयांश जागा मोकळी ठेवूनच या, कारण मानकुरादची पेटी, आमसुलं, काजूगर, खोल्याची मिरची हे नाही म्हणून चालत नाही, मी प्रयत्न केलाय. आंबे थोडे कच्चेच घ्या, कागदात गुंडाळून, बॅगेत वर. काका बाबांसाठी एक फेणीची बाटली काढतील, ती मात्र हात जोडून परत ठेवा, परमिटशिवाय महाराष्ट्रात दारू नेता येत नाही आणि बांद्याकडे इन्सुलीला एक्साइजवाले बॅगा उघडतात.

आगळाची बाटली देतील ती प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, झाकणाला टेप मारून, उभी. गेल्या वर्षी मी आडवी ठेवली आणि मिरजेपर्यंत माझा एकुलता एक पांढरा कुर्ता गुलाबी झाला, आईने तीन वेळा धुतला, तसाच आहे. आता ओटा पुसायला तोच घेऊन जाते.